ट्रिम रिस्टोअरर

ट्रिम रिस्टोअरर : मोटारीच्या बाहेरच्या, रंग न दिलेल्या काळ्या वा करड्या प्लॅस्टिकवर उन्हाने आलेली पांढुरकी झाक घालवून त्याचा मूळ काळेपणा परत आणणारे द्रव्य. बंपरचा खालचा भाग, चाकांच्या कमानींवरचे क्लॅडिंग (वरून बसवलेले प्लॅस्टिकचे आवरण), दारांवरच्या पट्ट्या, आरशांची बुडे, छतावरचे रेल आणि समोरच्या काचेखालची वायपरची जाळी या भागांवर ते वापरतात. त्यांपैकी जाळी सर्वांत आधी पांढरी पडते, कारण ती जवळजवळ आडवी असते आणि दिवसभराचे ऊन थेट झेलते. मराठीत या द्रव्याला रुळलेला शब्द नाही. ‘पुनरुज्जीवक’ कोशात शोभेल, पण पुण्यातल्या वॉशिंग सेंटरवर तो उच्चारला तर पोरगा हातातला पाइप खाली ठेवून बघत राहील. तिथे ‘प्लॅस्टिक काळं करून द्या’ एवढ्यावर भागते. डॅशबोर्ड पॉलिश आणि टायर पॉलिश ही याची भावंडे. अनेक दुकानांत तिन्हींसाठी एकच कॅन पुढे केला जातो आणि टिकाऊपणाबद्दलच्या निम्म्या तक्रारी तिथेच सुरू होतात.

काळेपणा जातो कसा : ‘रंग उडाला’ असे म्हणण्याची पद्धत असली, तरी रंग बहुधा जागेवरच असतो. या प्लॅस्टिकचा काळेपणा काजळीचा, म्हणजे कार्बन ब्लॅकचा असतो आणि काजळीचे ऊन फारसे काही बिघडवत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेसारख्या (स्थापना १९१७) संग्रहांतल्या जुन्या पोथ्यांचा कागद पिवळा पडून ठिसूळ झालेला असतो, काजळीच्या शाईचे अक्षर मात्र काळेच असते. प्लॅस्टिकात बिघडते ते काजळीला धरून ठेवणारे बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांसारख्या रेणूंचे द्रव्य).

हे बहुवारिक प्रायः पॉलिप्रॉपिलीन असते. धक्का सोसावा म्हणून त्यात ईपीडीएम रबर आणि ताठरपणासाठी संगजिऱ्याची (टाल्क या मऊ, पांढऱ्या खनिजाची) पूड मिसळतात. पॉलिप्रॉपिलिनाच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला एक मेथिल गट लटकलेला असतो आणि त्या कार्बनवरचा एकुलता हायड्रोजन सहज निघतो. जमिनीपर्यंत पोहोचणारे जंबुपार किरण (शालेय पुस्तकांत ‘अतिनील’, येथे कोशाच्या परंपरेतला शब्द ठेवला आहे) सुमारे २९० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. निव्वळ पॉलिप्रॉपिलीन हे किरण फारसे शोषत नाही. परंतु साच्यात ओतताना उष्णतेने तयार झालेली हायड्रोपेरॉक्साइडे, कार्बोनिल गट आणि उत्प्रेरकाचे अवशेष ते शोषतात आणि तेथून मुक्त मूलकांची (रेणूंच्या चटकन विक्रिया करणाऱ्या तुकड्यांची) साखळी-विक्रिया चालू होते. हवेतला ऑक्सिजन तीत भाग घेतो, लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभाग आक्रसतो आणि त्याला सूक्ष्म भेगा पडतात. विक्रिया पृष्ठालगतच्या पातळ थरापुरती राहते, खालचे प्लॅस्टिक धडधाकट असते.

याला अटकाव करण्यासाठी प्लॅस्टिकात प्रकाश-स्थिरके घालतात. त्यांतील हिंडर्ड अमाइन वर्ग १९७० च्या दशकात जपानच्या सांक्यो आणि स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी यांच्या कामातून बाजारात आला. ही स्थिरके किरण शोषत नाहीत. ती मुक्त मूलकांना पकडतात आणि बऱ्याच अंशी पुन्हा मूळ रूपात येऊन कामाला लागतात. तरीही वर्षानुवर्षांच्या उन्हापावसात पृष्ठालगतचा साठा आटतो आणि त्यानंतर पांढरेपणा झपाट्याने वाढतो.

पांढरेपणा नेमका कशाचा, याबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार वरचे बहुवारिक झिजून संगजिरे उघडे पडते आणि त्याचीच पांढरी भुकटी दिसते. दुसऱ्या मतानुसार भेगांमधली हवा प्रकाश विखुरते. पॉलिप्रॉपिलिनाचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा) सुमारे १.४९ आणि हवेचा १. हा फरक मोठा असल्यामुळे भेगाळलेला काळा पृष्ठभागही राखाडी दिसतो. जुनाट क्लॅडिंगवर दोन्ही गोष्टी एकदम असू शकतात, पण सुरुवातीच्या वर्षांपुरते दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. त्याचा पुरावा दर जूनमध्ये सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये मिळतो. पहिली सर पडली की राखाडी झालेले सगळे बंपर दहा मिनिटांत काळेभोर होतात आणि ऊन आले की अर्ध्या तासात पुन्हा करडे. भेगांत शिरलेल्या पाण्याचा अपवर्तनांक १.३३ असल्याने विखुरण कमी होते, पाणी उडून गेले की हवा परत येते. रिस्टोअररचे सगळे शास्त्र या एका निरीक्षणात बसते : भेगेत हवेच्या जागी काहीतरी भरायचे आणि ते तिथे टिकवायचे.

‘प्लॅस्टिकमधलं तेल सुकतं, ते परत द्यावं लागतं’ हे गॅरेजमधले तिसरे स्पष्टीकरण. मऊ पीव्हीसीबाबत त्यात तथ्य आहे, कारण त्यात मार्दवकारी तेल असते. बंपरच्या पॉलिप्रॉपिलिनात सहसा असे तेल नसते, तेव्हा ते परत देण्याचा प्रश्नच येत नाही.

इतिहास : पहिला प्लॅस्टिकचा बंपर कोणता, हा वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकी ग्रंथकार १९६८ च्या पॉन्टिॲक जीटीओकडे बोट दाखवतात. तिच्या पुढच्या बंपरवर ‘एन्ड्युरा’ नावाचे लवचिक आवरण होते. युरोपीय लेखक १९७२ च्या रेनॉ ५ चे नाव घेतात. जीटीओचे आवरण गाडीच्याच रंगात रंगवलेले होते. रेनॉचे पॉलिएस्टरचे बंपर मात्र करड्या प्लॅस्टिकच्याच रूपात मिरवत होते. प्रस्तुत विषय न रंगवलेल्या प्लॅस्टिकचा असल्याने येथे रेनॉचा दावा जवळचा वाटतो.

खुद्द पॉलिप्रॉपिलिनाच्या जन्माचा वाद याहून मोठा. युरोपात श्रेय इटलीच्या जूलिओ नाट्टा यांना, त्यांच्या १९५४ च्या कामासाठी दिले जाते. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांना मिळून मिळाले. अमेरिकेत फिलिप्स पेट्रोलियमच्या पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स यांनी स्फटिकमय पॉलिप्रॉपिलीन १९५१ मध्येच मिळवले होते. अनेक कंपन्यांमधल्या दीर्घ कज्जानंतर अमेरिकी पेटंट १९८३ मध्ये फिलिप्सच्या पदरात पडले. कायद्याने अग्रक्रम फिलिप्सचा ठरला, तरी साखळीची त्रिमितीय रचना उलगडण्याचे काम नाट्टांचे, असा समतोल बहुतेक ग्रंथांत दिसतो.

भारतात पद्मिनी आणि अँबॅसडरचे बंपर धातूचे, क्रोम चढवलेले असत. त्यांना गंज चढे, पांढरेपणा नव्हे. प्लॅस्टिकचे बंपर सर्रास झाले ते साधारणतः नव्वदीच्या दशकापासून. पुढे छोट्या एसयूव्हींची लाट आली आणि चाकाभोवती रुंद काळे क्लॅडिंग ही फॅशन ठरली, तशी रिस्टोअररची गिऱ्हाइकीही वाढली.

प्रकार : भेगेत भरलेला पदार्थ पुढे कोणत्या अवस्थेत राहतो, यावरून वर्गीकरण करणे सोयीचे.

द्रवच राहणाऱ्यांत सिलिकॉन तेलाची पॉलिशे येतात. सिलिकॉन तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४०, म्हणजे पाण्यापेक्षा बरा. लावल्याबरोबर परिणाम डोळ्यांत भरतो. पण ते घट्ट होत नाही. शांपूने आणि पावसाने निघते, खाली ओघळते आणि धूळ धरून ठेवते. बांधकामे चालू असलेल्या उपनगरात तेलकट क्लॅडिंगवर चार दिवसांत सिमेंटच्या धुळीचा थर बसतो. पांढरट, पाण्यात मिसळलेली सिलिकॉन पॉलिशे कमी चिकट असतात, टिकाऊपणात फार पुढे नसतात.

घरगुती उपाय याच वर्गातले. पुण्यात खोबरेल सर्वांत लोकप्रिय. ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजते आणि जानेवारीत इथली पहाट १०–१२ अंशांपर्यंत सहज उतरते. रात्री काळे केलेले क्लॅडिंग सकाळी पांढऱ्या, मेणचट ओघळांनी भरलेले दिसते, आणि मालक ‘तेलात भेसळ होती’ म्हणून वाण्यावर घसरतो. शेंगदाण्याचे तेल थिजत नाही, पण उन्हाने चिकट होऊन त्याला खवट वास सुटतो. बूट पॉलिशमध्ये मेण आणि रंग असल्याने ते तेलापेक्षा जास्त तग धरते, मात्र दार उघडताना पायजम्याला लागते.

दुसरा वर्ग रंगद्रव्यवाल्यांचा. यांत काळा रंग आणि त्याला बांधून ठेवणारा वाहक असतो. संगजिरे उघडे पडलेल्या, फार जुन्या प्लॅस्टिकवर हेच उपयोगी पडतात, कारण तिथे भेगा नुसत्या भरून काळेपणा येत नाही. हातमोजे न घालता लावले तर नखांच्या कडा आठवडाभर काळ्या राहतात.

तिसरा वर्ग वाळून कडक होणाऱ्या लेपांचा : राळयुक्त लेप, तसेच सिलोक्झेन वा सिलॅझेन रसायनावर आधारलेले, बाजारात ‘सिरॅमिक’ म्हणून विकले जाणारे. शेवटचे दोन हवेतल्या बाष्पाशी विक्रिया होऊन कडक होतात. दीर्घकाळ टिकणारा रिस्टोअरर म्हणतात तो या वर्गातला. जीटेक्निक, कारप्रो, सेराकोट ही यांतली परिचित नावे. सेराकोटच्या ट्रिम कोटबद्दल कंपनी २०० धुलायांची हमी देते.

हीट गनने प्लॅस्टिक शेकून काळे करण्याची युक्ती द्रव्यांत मोडत नाही, पण तिची चर्चा नेहमी याच ओघात होते. पॉलिप्रॉपिलीन १६० ते १६५ अंशांच्या आसपास वितळते. झोत फिरता ठेवला तर भेगाळलेला थर वितळून सपाट होतो आणि भेगा मिटतात. स्थिरकांचा आटलेला साठा मात्र भरून येत नाही, म्हणून पांढरेपणा लवकर परततो. झोत एका जागी थांबला की दाणेदार पोत कायमचा चकचकीत होतो, आणि तो डाग कोणत्याही बाटलीने जात नाही.

टिकाऊपणा : ‘२०० धुलाया’, ‘दोन वर्षे’, ‘कायमस्वरूपी’ हे दावे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. मोटार उद्योगात बाहेरच्या भागांसाठी झेनॉन दिव्याखालच्या चाचण्या (आयएसओ ४८९२-२, एसएई जे२५२७) प्रमाण मानतात आणि नैसर्गिक उन्हासाठी दक्षिण फ्लोरिडा व ॲरिझोना ही संदर्भस्थळे. एक दमट, दुसरे कोरडे. पुणे (सुमारे १८.५ अंश उत्तर, समुद्रसपाटीपासून जवळपास ५६० मीटर) वर्षातून दोन्ही होते. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस सूर्य इथे माध्यान्ही थेट डोक्यावर येतो. त्यांपैकी जुलैचा दिवस बहुधा ढगांत जातो, मेचा पुरेपूर भोवतो. मेमध्ये उघड्यावरचे काळे प्लॅस्टिक दुपारी हात टेकवू देत नाही. मग चार महिने पाऊस. म्हणून बाटलीवरच्या मुदतीपेक्षा लेप कोणत्या पृष्ठभागावर बसला, हे येथे अधिक निर्णायक ठरते.

याचे कारण पृष्ठ-ऊर्जेत, म्हणजे दुसऱ्या पदार्थाला धरून ठेवण्याच्या पृष्ठभागाच्या ओढीत आहे. पॉलिप्रॉपिलिनाची पृष्ठ-ऊर्जा सुमारे ३० मिलिन्यूटन प्रति मीटर इतकी कमी, त्यामुळे त्यावर सहसा काही चिकटत नाही. गंमत अशी की उन्हाने ऑक्सिडीभूत झालेल्या पृष्ठावर ध्रुवी गट तयार होतात आणि लेप धरण्याची त्याची क्षमता थोडी वाढते. जुन्या बंपरवर लेप नव्यापेक्षा चांगला बसायला हवा. बसत नाही, कारण वरचा भुसभुशीत थर तसाच राहतो आणि लेप त्या थरासकट सुटून येतो. आधी मारलेले सिलिकॉन तर लेपाला टेकूही देत नाही. तेव्हा अल्कधर्मी क्लीनर आणि ताठ ब्रशने, फेस करडा येईनासा होईपर्यंत घासणे, धुऊन पूर्ण वाळवणे आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, एवढे झाल्याशिवाय महागडी बाटली उघडू नये. घासण्याचे काम लावण्याच्या चौपट वेळ खाते. ‘अर्ध्या तासात करून देतो’ म्हणणारा काय गाळतो, हे यावरून कळावे.

निवड : आधी ओल्या फडक्याने पुसून पाहावे. ओले असताना प्लॅस्टिक पूर्ण काळे दिसले तर पारदर्शक, कडक होणारा लेप पुरतो. ओले असतानाही राखाडी राहिले तर रंगद्रव्य असलेला घ्यावा. वाळलेल्या पांढऱ्या फडक्यावर भुकटी आली तर अजून घासणे बाकी आहे. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने गाडी धुतली जाते तिथे पांढरे डाग क्षारांचे असू शकतात. ते पातळ व्हिनेगरने निघतात, त्यांना रिस्टोअरर लागत नाही. ठोकर बसून वाकलेल्या जागची पांढरी रेघ निराळी. ती ताणाची खूण असते.

काम सावलीत आणि थंड पृष्ठभागावर करावे. पावसाळ्यानंतरचे महिने पुण्यात सोयीचे. योगायोगाने बरेच मालकही दसऱ्याला गाडी धुऊन झेंडूचा हार घालतानाच पांढऱ्या बंपरची पहिल्यांदा दखल घेतात. ताज्या लेपाला निदान एक दिवस पाणी लागू नये, म्हणून तो पूजेच्या दोन दिवस आधी लावलेला बरा. हळदीचा पिवळा डाग पोतात बसला तरी उन्हाने आपोआप फिकटतो, कुंकवाचा भरवसा नाही. मे महिन्याच्या उन्हात लेप फडक्यावरच वाळतो आणि पट्टे उमटतात.

रंगकाम : क्लॅडिंग फार खराब झाले असेल तर क्लोरिनेटेड पॉलिओलेफिनचा प्रायमर मारून त्यावर मॅट काळा रंग देतात. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात नवे क्लॅडिंगही मिळते आणि लहान पट्टीबाबत ते कित्येकदा परवडते. सिलिकॉन पॉलिशची खरी किंमत रंगकामाच्या वेळी कळते. त्याचा मागमूस राहिलेल्या जागी रंग मागे सरकतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. म्हणून डेंटिंग-पेंटिंगवाले बंपर हातात घेण्याआधी ‘सिलिकॉन मारलंय का?’ असे विचारतात, आणि उत्तर काहीही आले तरी तो थिनरच्या फडक्याने पुसूनच पुढे जातात.