कुणी वाचणार नाही अशी वही

मन हलकं करायचं तर रोज थोडं लिहा, हा सल्ला आता रत्नागिरीतल्या समुपदेशकापासून मोबाईलवरच्या रीलपर्यंत सगळीकडून मिळतो. सल्ला चांगलाच आहे. पण तो ज्या थाटात दिला जातो त्यावरून वाटावं, की कोकणातल्या माणसाने आजवर स्वतःबद्दल अक्षर लिहिलंच नव्हतं. लिहिलं, भरपूर लिहिलं. फक्त लिहिलेलं कुणीतरी वाचणार हे ठरलेलं असायचं, आणि त्यामुळे काय लिहायचं तेही ठरलेलं असायचं.

सुरुवात अर्थातच हिशेबाने झाली. खोताच्या घरची कीर्द, देवस्थानाच्या वह्या, सावकाराची खतावणी. पेशव्यांच्या दफ्तरातल्या रोजनिश्यांतले उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले, ते छापून आले, त्यांतही दिवस असतो, माणूस नसतो. कुणाला सनद दिली, कुणाची सूट मंजूर झाली, किती रुपये पोचले, एवढंच. महाडजवळच्या शिवथरघळीत ज्याची रचना झाली असं परंपरा सांगते, त्या दासबोधात लेखनक्रियेवर अख्खा समास आहे. त्यातली कळकळ अक्षर कसं घडवावं, लेखणी आणि शाई कशी असावी याबद्दलची आहे.

या सगळ्यात एक कागद वेगळा पडतो. नाना फडणवीसांचं घराणं मंडणगड तालुक्यातल्या वेळासचं. नानांनी आपल्या पूर्वायुष्याची एक छोटी हकीकत लिहून ठेवली आहे, ती लहानपणापासून पानिपतापर्यंत येते. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवसानंतर नाना कसेबसे जीव वाचवून परतले, बरोबर गेलेली आई मात्र परत आली नाही. मुत्सद्दी म्हणून ज्यांच्या पोटातलं पाणी हलत नसे, ते नाना इथे तरुणपणीची वासना, मनाची चंचलता, पूजेअर्चेची ओढ, पळतानाची भीती हे सगळं स्वतःच्या हाताने कागदावर मांडतात. दरबारात अशा कबुलीचा काडीचा उपयोग नव्हता. आजच्या अर्थाने आत्मचिंतन म्हणावं असं मराठीतलं हे फार जुनं गद्य आहे, असं माझं मत.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांचं तसं नाही. कर्जाने गांजलेला हा भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि बंडाच्या धामधुमीत, झाशीच्या वेढ्यात सापडला. घरी आल्यावर त्यांनी लगेच काही लिहिलं नाही. पंचवीसेक वर्षांनी चिंतामणराव वैद्यांनी आग्रह केला तेव्हा लिहिलं, आणि ते छापून आलं १९०७ मध्ये, गोडसे गेल्यावर. डोळ्यांसमोर झालेली कत्तल, तहान, लूट एवढी वर्षं आत कशी राहिली असेल, याचा त्या लिखाणात कुठे उल्लेख नाही. तसा प्रश्न त्या काळात कुणी विचारतही नसे.

देवरुखच्या जोशांच्या घरातल्या दोन बहिणींची गोष्ट मला याहून मोलाची वाटते. दोघींना कोवळ्या वयात वैधव्य आलं. थोरली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात पहिल्यांदा दाखल झालेल्यांपैकी, तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाली. कर्व्यांच्या मुरुड गावाने या जोडप्याला वाळीत टाकलं. धाकटी पार्वतीबाई आठवले. कर्व्यांच्या हिंगण्यातल्या आश्रमासाठी तिने वर्गणी गोळा करत देश पालथा घातला आणि पुढे अमेरिकेपर्यंत गेली. पार्वतीबाईंची कहाणी १९२८ मध्ये आली, बायांची १९४४ मध्ये. म्हणजे घाव आणि अक्षर यांच्यात कित्येक दशकं गेली. दोघी मोकळेपणाने सांगतात, बाया तर कर्व्यांचं सगळं लक्ष आश्रमाकडे गेल्यावर संसाराची कशी ओढाताण झाली तेही झाकत नाहीत. तरीही ते लिखाण समाजासाठी आहे, चळवळीला उपयोग व्हावा म्हणून आहे. केस उतरवले त्या रात्री एखाद्या मुलीला जे वाटलं असेल ते त्या रात्रीच उतरवून ठेवावं, असा कागद तिच्या हाती नव्हता. असता तरी तो लपवायला जागा नव्हती.

ही जागेची अडचण लहान नाही. कोकणातलं घर आठवून पाहा. ओटी, पडवी, माजघर, मागे न्हाणी. ऐसपैस आहे, पण दार लावून बसावं अशी खोली त्यात बाईला कधीच नव्हती, पुरुषाला फारशी नव्हती. एकांत मिळाला तो तुरुंगात. देवगड तालुक्यातल्या हिंदळ्याचे ना. ग. गोरे यांनी कारावासात रोजनिशी लिहिली. दापोली तालुक्यातल्या पालगडच्या साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात आईच्या आठवणी लिहून काढल्या. सरकारने कोंडलं म्हणून लिहायला निवांतपणा मिळाला, हा विनोद त्यांनाही कळला असेल.

तुरुंगात न गेलेल्यांसाठी पत्र होतं. गिरणगावात पोट भरायला गेलेला चाकरमानी आणि गावी राहिलेली त्याची बायको, यांचं निम्मं आयुष्य पोस्टकार्डावर गेलं. "पत्रास कारण की" पासून "इकडील सर्व क्षेम, तिकडील कळवावे" पर्यंत मजकूर जवळपास ठरलेला. कार्ड उघडं, पोस्टमन वाचणार. घरी आलं की शाळेत जाणारा पोर ओटीवर बसून मोठ्याने वाचणार, सासरा, दीर, शेजारी ऐकणार. उत्तर सांगणारी बाई दाराआड उभी. तिने काय सांगावं? भात लावून झालं, गाय व्यायली, मनीऑर्डर पोचली. निळं आंतरदेशीय पत्र चिकटवता यायचं, पण लिहिणारा दुसरा कुणी असला की तेही उघडंच. "सर्व क्षेम" या दोन शब्दांत किती वर्षांची घुसमट कोंबून धाडली गेली असेल! यातून एक सवय मुरली, ती अजून गेलेली नाही. लिहायचं ते सुखरूप असल्याचं. बाकीचं भेटीत, आणि भेटीत तर बोलायचं राहूनच जातं.

तोंडाने सांगायच्या वाटा होत्या, हे विसरून चालणार नाही. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवीत माहेर, सासू, नवरा सगळ्यांचा हिशेब करायची, आणि जात्याच्या घरघरीत ते कुणाला टोचायचं नाही. देवळात गाऱ्हाणं घातलं जायचं, अजून जातं. गावकार एकेक अडचण नाव घेऊन देवापुढे ठेवतो आणि मागून सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. आजारपण, भाऊबंदकी, न लागणारं लग्न, काही वर्ज्य नाही. पण चारचौघांत म्हणता येईल तेवढंच त्यात येतं.

मग १९७३ मध्ये मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं. त्यांच्या डोक्यात पंचांग होतं, बायकांनी त्याची वही केली. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेलं, बाजूला दोऱ्याने बांधलेलं बॉलपेन, आणि तारखेच्या एवढ्याशा चौकोनात किरटं अक्षर. माझ्या नात्यातल्या एका बाईंनी जुनी पानं डब्यांखाली अंथरायला म्हणून ठेवली होती, ती मी उलटून पाहिली आहेत. "गॅस लावला." "दूध अर्धा ली. जास्त." "गडी नाही." "काजू बी घातली." पाळीच्या तारखेला नुसता ठिपका. "यांना ताप", पुढचे तीन दिवस कोरे, मग "पेज घेतली". आणि एका चौकोनात "बोलाचाली", एवढंच. कुणाशी, कशावरून, काही नाही. घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भिंतीवर टांगलेला तो शब्द वर्षभर राहिला आणि कुणी काही विचारलं नसणार. जानेवारीत पतसंस्थेची किंवा एलआयसीची डायरी घरात यायची, ती पुरुषांच्या हिशेबाला जायची.

आज दिल्या जाणाऱ्या सल्ल्याचं मूळ मात्र दुसरीकडे आहे. १९८६ मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी डॅलसच्या एका विद्यापीठातल्या ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी किरकोळ विषयांवर लिहिलं. बाकीच्यांनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवावर लिहायचं होतं, पण त्यांचेही गट पाडले होते: कुणी नुसती घटना, कुणी नुसत्या भावना, कुणी दोन्ही. दोन्ही लिहिणारे त्या चार दिवसांत उलट जास्त खिन्न झाले. पुढच्या सहा महिन्यांत मात्र विद्यापीठाच्या दवाखान्यात त्यांच्या खेपा इतरांपेक्षा कमी झाल्या. नाव लिहायचं नव्हतं, शुद्धलेखनाची फिकीर करायची नव्हती. पेनेबेकर यांचा तर्क असा, की मनात दडवून ठेवायलाही शरीराला राबावं लागतं, ते श्रम थांबले की शरीर सावरतं. पुढे शब्द मोजून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक "कारण", "त्यामुळे", "आता लक्षात येतं" अशा तऱ्हेचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झाला. तेच ते उगाळणाऱ्यांना तो तेवढा झाला नाही.

मग अभ्यासांचा पूर आला. १९९९ मध्ये दमा आणि संधिवाताच्या रुग्णांवर प्रयोग झाला. क्लेशकारक अनुभवावर लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांत चार महिन्यांनी सुधारणा दिसली, किरकोळ विषयावर लिहिणाऱ्या गटात ती २४ टक्क्यांत होती. २००३ मध्ये कृतज्ञतेच्या यादीचा अभ्यास आला, आणि भेटवस्तूंच्या दुकानात "आज मी कशाबद्दल ऋणी आहे" असं छापलेल्या गुळगुळीत वह्या मिळतात त्यांचा उगम तिथे आहे. मला त्या वह्यांचा कंटाळा येतो, "सर्व क्षेम"चीच ती नवी आवृत्ती वाटते. २००६ मध्ये १४६ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा निष्कर्ष निघाला की फायदा खरा आहे, पण लहान. जाहिरातींत हा दुसरा अर्धा भाग येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगताना गाळली जाते. पेनेबेकर यांचा प्रयोग चार दिवसांचा होता, जन्मभर रोज लिहिण्याचा नव्हता. लिहिलेलं जपून ठेवा असंही त्यांचं म्हणणं नाही, फाडून टाकलंत तरी चालतं. ज्या घरात कपाटाची किल्ली सगळ्यांना माहीत असते आणि मोबाईलचा पॅटर्न धाकट्या पोरालाही येतो, तिथे ही सूट कामाची आहे. शाळेच्या पाठकोऱ्या वहीतला कागद पुरतो. भाषा मालवणी असो, आगरी असो, कुणी तपासायला बसलेलं नाही.

वेळही पाहावी लागते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवसांत तळिये गावावर डोंगर कोसळला. अशा वेळी पाणी ओसरल्याबरोबर कुणाच्या हातात वही देणं बरोबर नाही. आधी डोक्यावर छप्पर, झोप, ओळखीची माणसं. ताजी जखम लगेच उकरली तर त्रास वाढू शकतो, म्हणून काही आठवडे जाऊ द्यावेत, हे या पद्धतीचा पुरस्कार करणारेही सांगतात.

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं, तरी त्याचं नाव अजून चेष्टेत किंवा शिवीत येतं. तिथल्या दारात आपल्याला कुणी पाहील या धास्तीने बरेच जण वहीच बरी म्हणतात. पण लिहिता लिहिता जीव घाबरा होऊ लागला, झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं, तर तिथेच लिहिणं थांबवावं आणि माणसाशी बोलावं. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चालू आहे. तो फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.