डेबिट कार्डाचा ओटीपी येत नाही? मोबाइल नंबर बदलाचा अर्ज परत का येतो ते आधी पाहा

सदाशिव पेठ, नारायण पेठेत राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या अनेक मुलांचं खातं गावाकडच्या शाखेत असतं आणि खात्याला नंबर वडिलांचा असतो. इथे परीक्षेची फी भरायला बसावं, तर ओटीपी तिकडे जातो. वडील शेतात, फोनला रेंज नाही, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. आधार केंद्रावर नंबर बदलून घेतला तरी बँकेतला नंबर आपोआप बदलत नाही. तो वेगळा अर्ज आहे.

अर्जासोबत पासबुक, आधार आणि पॅन यांच्या मूळ प्रती व सही केलेल्या झेरॉक्स न्या. अर्ज अडतो तो सहसा दोन ठिकाणी. एक, सही. खातं अठरा वर्षांच्या आत उघडलेलं असेल, तर तुमची सही बँकेकडे बहुधा नसतेच. आधी खातं सज्ञान म्हणून बदलून घ्यावं लागतं. त्यासाठी नवा फोटो, नमुना सही आणि केवायसी लागते. दुसरं, पत्ता. बऱ्याच बँकांत नंबर आणि पत्ता बदलायचा फॉर्म एकच असतो. मुलं पुण्याचा पत्ताही लिहून टाकतात, मग भाडेकरार मागितला जातो आणि अख्खा अर्ज परत येतो. फक्त नंबर बदलायचा असेल तर पत्त्याचा रकाना कोरा सोडा.

‘होम ब्रँचला (खातं उघडलेल्या शाखेत) जा’ असं सांगितलं, तर कोणत्या नियमाने, ते लेखी मागा. कोअर बँकिंग, म्हणजे बँकेच्या सगळ्या शाखा एकाच संगणक प्रणालीला जोडलेल्या असताना, नंबर बदलायला पोराला नांदेडला पाठवणं बरोबर नाही. अर्जाची पोच घ्याच.

नंबर बरोबर असूनही व्यवहार अडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा कार्डातच असतं. २०२० पासून नवीन किंवा बदलून मिळालेल्या कार्डावर सुरुवातीला फक्त देशातली एटीएम आणि दुकानातली मशीन चालतात. ऑनलाइन व्यवहार बंद असतो. तो अ‍ॅप, नेटबँकिंग किंवा शाखेतून सुरू करा आणि मर्यादा फीच्या रकमेपेक्षा जास्त ठेवा. कार्ड हातात देतानाच बँकेने हे मराठीत सांगितलं आणि काउंटरवरच सुरू करून दिलं, तर निम्मे हेलपाटे वाचतील. हे काम दोन मिनिटांचं आहे.

सिम बदललं असेल तर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. शेवटच्या तारखेला सिम बदलू नका.

पैसे कापले पण पावती आली नाही, तर फी भरली गेली असं धरू नका. आधी परीक्षेच्या अर्जाच्या संकेतस्थळावर स्थिती बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवी, पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. हे ५ दिवस पैसे परत येण्याचे आहेत, फीची मुदत त्याने वाढत नाही. मुदत संपत आली असेल तर दुसऱ्या मार्गाने फी भरून टाका.

परतावा आला नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, विनाशुल्क. बँकेकडे आधी तक्रार केल्याचा पुरावा नसेल, तर ती तिथेच फेटाळली जाते.