पोवळ्यांची लागवड आणि तापलेला समुद्र

हिंदी महासागरात उष्णतेच्या लाटा किती वेळा आल्या, याचा हिशेब पुण्यात, पाषाणला मांडला गेला आहे. भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ ते २०१८ या काळातल्या नोंदी तपासल्या. महासागराच्या पश्चिम भागात अशा ६६ लाटा सापडल्या, बंगालच्या उपसागरात ९४. जमिनीवर उन्हाची लाट आली की आपण सावली गाठतो. खडकाला चिकटून बसलेल्या प्रवाळाला तशी सोय नाही.

प्रवाळ दिसतो झाडासारखा किंवा दगडासारखा, पण तो प्राणी आहे. खरं तर हजारो चिमुकल्या प्राण्यांची वसाहत. यातला प्रत्येक प्राणी, म्हणजे पॉलिप, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाळ राहतं, सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. प्रवाळाचे बहुतेक रंगही या शैवाळामुळेच. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा फक्त एक अंशाने जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, तर ही भागीदारी मोडते. शैवाळ बाहेर टाकलं जातं आणि पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी वेळेत निवळून गार झालं तर शैवाळ परत येतं. मे २०२० मधल्या लाटेनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतच्या मन्नारच्या आखातात पाण्याखाली पाहणी झाली, तेव्हा ८५ टक्के प्रवाळ पांढरे पडलेले आढळले.

हे मन्नारचं आखात आधीच घायाळ होतं. चुन्यासाठी तिथले प्रवाळ वर्षानुवर्षं खणून काढले जात. २००१ मध्ये भित्तिका, म्हणजे समुद्रातले प्रवाळांचे खडक, बांधणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण त्यांना मिळालं. पुढच्याच वर्षी तुतिकोरिनच्या शास्त्रज्ञांनी लागवड सुरू केली. पद्धत आपल्या गुलाबाच्या कलमासारखीच: जिवंत प्रवाळाचा बोटभर तुकडा घ्यायचा, सिमेंटच्या चौकटीवर बांधायचा आणि तळाशी ठेवायचा. तुकडा स्वतःच्या बळावर वाढतो. फांद्यांचा अ‍ॅक्रोपोरा हा प्रकार वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंतही जातो. गोलाकार पोराइटिस हा प्रकार जेमतेम एक सेंटिमीटर. लाटांनी तुटून तळाशी लोळणारे तुकडे वापरले, तर धडधाकट वसाहत तोडावी लागत नाही. मला ही पद्धत सगळ्यात पटते.

कच्छच्या आखातात आणखी वेगळा प्रयोग झाला. तिथे मिठापूरजवळ लोखंडी सांगाडे समुद्रात सोडून त्यातून सौम्य वीजप्रवाह दिला. त्यामुळे पाण्यातले क्षार लोखंडावर जमतात आणि प्रवाळाला बसायला आयता चुनखडीचा थर मिळतो.

पण किती तुकडे लावले, हा आकडा मला फारसं काही सांगत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांनंतर त्यातले किती जगले, हे विचारायला हवं. फ्लोरिडात कित्येक वर्षं मेहनतीने प्रवाळांच्या रोपवाटिका उभ्या केल्या होत्या. जुलै २०२३ मध्ये तिथल्या एका उथळ खाडीत पाण्याचं तापमान ३८ अंशांच्या वर गेलं. पाणबुडे रोपवाटिकांमधले प्रवाळ उचलून किनाऱ्यावरच्या टाक्यांमध्ये आणत होते. जे आणता आले ते वाचले, पण बाहेर लावलेले असंख्य गेले. म्हणून आता उष्णता सोसून उरलेल्या वसाहती हेरून त्यांचे तुकडे लावण्यावर भर आहे. ऑस्ट्रेलियात तर प्रवाळांच्या प्रजननाच्या रात्री अंडी गोळा करून, अळ्या वाढवून त्या खडकांवर सोडतात. एकाच वसाहतीच्या शेकडो तुकड्यांपेक्षा अशा पिढीत वैविध्य जास्त, म्हणून टिकण्याची शक्यताही जास्त.

तरी पाणी तापतच राहिलं तर ही सारी धडपड तोकडी पडेल. कोल आणि सहकाऱ्यांच्याच अंदाजानुसार, हिंदी महासागरात १९७० ते २००० या काळात वर्षाकाठी सरासरी २० दिवस उष्णतेची लाट असे. शतकाच्या अखेरीस हे दिवस २२० ते २५० होऊ शकतात. लागवडीने वेळ मिळतो. तो वेळ कार्बन उत्सर्जन कमी करण्यासाठी वापरला नाही, तर लावलेलं पुन्हा पुन्हा मरेल.

पुणेकरांना सगळ्यात जवळचे प्रवाळ मालवणचे. १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे आणि सुट्टीत स्नॉर्केलिंगला आपल्याच गाड्यांची रांग लागते. त्या गढूळ, उथळ पाण्यातले पोराइटिस चिवट आहेत, पण पायाखाली आलेला किंवा नांगराने खरवडलेला भाग भरून यायला वर्षं लागतात. बोटी नांगर टाकण्याऐवजी कायमच्या तरंगत्या बोयांना बांधल्या, तर निम्मा त्रास तिथेच टळेल. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी संस्था उपग्रहांच्या तापमान नोंदींवरून ब्लीचिंगचे इशारे देते. असा इशारा आला की त्या पट्ट्यातली नवी लागवड थांबवावी, रोपवाटिकांवर सावली करावी किंवा त्या खोल पाण्यात न्याव्यात, आणि काही आठवडे पर्यटकांच्या बुड्या बंद ठेवाव्यात. त्या आठवड्यांत बुडणारा बोटवाल्यांचा रोजगार सरकारने भरून द्यावा. बंदीचा भार एकट्या मालवणकरांनी का सोसायचा?