गिटारवर स्वतःचा सोलो कसा सुचतो?

फोंड्याच्या आमच्या गिटार वर्गात नव्याने येणाऱ्यांसाठी आणि पालकांसाठी

गोव्यात लग्नाला, फेस्ताला, हॉटेलात वाजवायला बसलात की एक वेळ हमखास येते: कडवं संपतं, गायक तुमच्याकडे बघतो आणि पुढचे बारा बार (ठेक्याची आवर्तनं) तुमचे, म्हणजे तुमच्या एकट्याच्या सोलोचे असतात. कॉर्ड छान धरणारे बरेचजण इथेच अडतात. काहीजण मोबाइलवर बघून पाठ केलेलं स्केल वरखाली पळवतात. बोटं फिरतात, पण ऐकणाऱ्याला काही सांगितल्यासारखं वाटत नाही. आमच्या मते सगळा प्रश्न थांबण्याचा आहे. कोणत्या कॉर्डवर कोणत्या सुरावर न्यास करायचा, हे कानाला कळलं की सुचायला लागतं.

सुरुवात पाच सुरांनी करतो: ए, सी, डी, ई, जी. म्हणजेच ए मायनर पेंटॅटॉनिक. ए ला सा मानलात तर हे धानी रागाचे सूर, गंधार आणि निषाद कोमल. पेटी शिकलेली किंवा भजनाला बसणारी मुलं हे लगेच गाऊन दाखवतात. पहिलं बोट पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पाचव्या घरात) ठेवायचं आणि पहिले काही तास फक्त पहिल्या तीन, म्हणजे सगळ्यात बारीक तारा वापरायच्या. आधी तोंडाने गायचं, मग तेवढंच वाजवायचं. लाजू नका, वर्गात सगळेच गातात.

मग ब्लूज या संगीतप्रकाराचे तीन कॉर्ड घेतो: ए सेव्हन, डी सेव्हन, ई सेव्हन. खरी गंमत इथे आहे. ए सेव्हन चालू असताना तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटवरचा सी वाजवा आणि लगेच सहाव्या फ्रेटवर, सी शार्पवर, बोट आपटा. कोमल गंधारावरून शुद्ध गंधारावर आलात, आणि कॉर्ड एकदम उजळल्यासारखा वाटेल. डी सेव्हन आला की मात्र हा सी शार्प सोडा, कारण त्या कॉर्डमध्ये साधा सी आहे. तिथे दुसऱ्या तारेवरचा सातवा फ्रेट, एफ शार्प, धरून थांबा. ई सेव्हनला चौथ्या तारेवरचा सहावा फ्रेट, जी शार्प. हे तिन्ही सूर आपल्या पाचांत नाहीत, म्हणूनच कॉर्ड बदलल्याचं ऐकणाऱ्याला कळतं. आम्ही यावर भरपूर वेळ घालवतो. वेग नंतर आपोआप येतो, त्याची घाई आम्ही करत नाही.

बेंड, म्हणजे तार ओढून चढवलेला सूर, सुरात लागला पाहिजे. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा डी ओढून ई पर्यंत न्या आणि दुसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवरच्या ई शी ताडून बघा. जरा कमी ओढलात तरी बेसूर लागतो. अकूस्टिक गिटारवर तिसरी तार सहसा वेटोळ्याची (वर बारीक तार गुंडाळलेली) असते, तिच्यावर पूर्ण बेंड जड जातो. त्यासाठी लगेच नवी गिटार घेऊ नका, वर्गातली इलेक्ट्रिक वापरा. स्वतःची असेल तर नऊचा, म्हणजे पातळ तारांचा सेट लावून घ्या. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत तारा लवकर गंजतात आणि गंजलेल्या तारेवर बोट अडतं. वाजवून झालं की सुक्या फडक्याने पुसत जा.

पालक विचारतात, किती महिन्यांत येईल? आकडा आम्ही सांगत नाही. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोज वीस मिनिटं बसणारा पुढे जातो, एवढं खात्रीने सांगतो. घरी मोबाइलवर ए सेव्हनची साथ रेकॉर्ड करायची, तिच्यावर दोन बार वाजवायचं आणि दोन बार गप्प राहायचं. गप्प राहणंच सगळ्यांना अवघड जातं, पण पुढची ओळ त्याच वेळात सुचते.

प्रवेशासाठी साधे कॉर्ड न अडखळता बदलता यायला हवेत आणि ठेका सांभाळता यायला हवा. नोटेशन वाचता आलंच पाहिजे असं नाही. येताना आवडत्या सोलोची एखादी छोटी ओळ ऐकून, गुणगुणता येईल इतकी पाठ करून या. टॅब (कोणत्या तारेवर कितवा फ्रेट ते लिहिलेला कागद) आणू नका. पहिल्या तासाला ती ओळ गिटारवर आपण मिळून शोधू.