इंजेक्शननंतर डोळ्यापुढे अंधार: नस बधिर झाली की रक्त अडलं?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याच्या मागे भुलीचं इंजेक्शन दिलं की काही जणांना पाच-दहा मिनिटांत त्या डोळ्याने दिसेनासं होतं. बहुतेकदा हे अपेक्षितच असतं. पेशंटला ते आधी सांगायलाच हवं, नाहीतर माणूस टेबलावर पडल्या पडल्या घाबरून जातो. पण तसाच अंधार क्वचित रक्तपुरवठा तुटल्यानेही येतो, आणि तिथे थांबून चालत नाही.

नस बधिर होण्याचं गणित सोपं आहे. रेट्रोबल्बर (बुबुळगोलाच्या थेट मागे दिलेल्या) प्रकारात तीन ते पाच मिली औषध डोळा फिरवणाऱ्या स्नायूंच्या घेऱ्याच्या आत, ऑप्टिक नर्व्हच्या, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या नसेच्या शेजारीच पडतं. लिग्नोकेन किंवा ब्युपिव्हाकेन या भुलीच्या औषधांमुळे नसेतून संदेश जाणं थांबतं. काही तासांनी औषध उतरतं आणि दिसू लागतं.

रक्ताचं गणित वजाबाकीचं आहे. धमनीतला दाब वजा डोळ्यातला दाब, जे उरेल त्यावर रक्त आत शिरतं. समजा, डोळ्यापाशी धमनीतला सरासरी दाब ६० (मिमी पारा, बीपी मोजतात तेच एकक) आहे आणि डोळ्यातला १५, म्हणजे उरले ४५. डोळ्याची खोबण हाडांची, प्रौढ माणसात साधारण ३० मिलीची. पेरिबल्बर (डोळ्याभोवती दिलेल्या) प्रकारात स्नायूंच्या घेऱ्याबाहेर सहा ते दहा मिली औषध जातं. एवढं पाणी त्या बंद जागेत शिरल्यावर डोळ्यातला दाब काही वेळ चढतो. तो ४० झाला, तर उरतात फक्त २०. निरोगी दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्या रुंदावून बरंचसं सांभाळून घेतात. काचबिंदूने आधीच झिजलेली नस मात्र एवढा ताण सोसेलच असं नाही. औषधात अ‍ॅड्रेनलिन मिसळलं असेल तर रक्तवाहिन्या आणखी आवळतात. झोपेच्या औषधाने बीपी उतरलं, तर वजाबाकीचा वरचा आकडाच घटतो.

इंजेक्शननंतर डोळा दाबून ठेवतात तो औषध पसरावं आणि दाब उतरावा म्हणून. पण दाबलेला असताना रक्त कमीच जातं, म्हणून मधूनमधून हात सैल करतात.

मग ओळखायचं कसं? बाहुलीवर विसंबता येत नाही. ती थेंबांनी आधीच मोठी केलेली असते, आणि नस बधिर झाल्यावर प्रकाशालाही दाद देत नाही. खरी खूण बोटाला कळते: दगडासारखा टणक, पुढे आलेला डोळा, ताठ पापण्या. खोबणीत, डोळ्यामागे रक्तस्राव झाल्याची ही लक्षणं. अशा वेळी डॉक्टर डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्या तपासतात. रक्त अडलेलं दिसलं तर पापणीचा बाहेरचा कोपरा कापून खोबणीतला दाब मोकळा करतात, डोळ्यातला दाब उतरवणारं मॅनिटॉल शिरेतून देतात आणि ऑपरेशन पुढे ढकलतात. हे सगळं मिनिटांत व्हावं लागतं, कारण रक्ताविना दृष्टिपटल फार वेळ तग धरत नाही.

नुसत्या थेंबांच्या भुलीत खोबणीत काहीच शिरत नाही, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. म्हणून काचबिंदू असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगावं. मात्र थेंबांत डोळा हलता राहतो. ज्यांना स्थिर पडून राहणं जमत नाही, त्यांच्यासाठी इंजेक्शनच बरं पडतं.