ओल्या कचऱ्याचे कंपोस्टिंग (नागपूर)

नागपुरातील घरे, वसाहती, खानावळी व मंगल कार्यालये यांतून निघणारे खरकटे, भाजीची देठे व फळांच्या साली जागेवरच कुजवून खत करण्याची पद्धत. उकिरडा व शेणखत विदर्भाला जुनेच आहे. पण शहरातल्या खरकट्यासोबत शेणही नसते आणि पऱ्हाटीही (कापसाची वाळकी झाडे) नसते, म्हणून त्याला निराळे तंत्र लागते.

शास्त्रीय कंपोस्टचे श्रेय बहुधा ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांच्या इंदूर पद्धतीला (सुमारे 1924–31) दिले जाते. मात्र हॉवर्ड यांच्यापुढे चिनी शेतकऱ्यांचा जुना अनुभव होता आणि ही पद्धत मांडणाऱ्या 1931 च्या ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड होते. त्यामुळे तिला एका व्यक्तीचा शोध म्हणण्यापेक्षा प्रचलित रीतीची काटेकोर मांडणी म्हणणे अधिक रास्त.

नागपूरला जवळची पद्धत नाडेप होय. पुसदचे (जि. यवतमाळ) गांधीवादी शेतकरी-कार्यकर्ते ना. दे. पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. विटांच्या जाळीदार हौदात काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर देऊन वरून शेणमातीने लिंपतात. सुमारे 90 ते 120 दिवसांत खत तयार होते. हौदाच्या मापाबाबत एकवाक्यता नाही. काही ठिकाणी 10×6×3 फूट दिले आहे, तर काही ठिकाणी 12×5×3. घनफळ दोन्हींचे 180 घनफूटच भरते. हवा भोकांतून बाजूंनीच शिरते, म्हणून रुंदी जितकी कमी तितका मधला भाग हवेला जवळ. खरकट्यासारख्या ओल्या, दबणाऱ्या मालासाठी पाच फुटी रुंदीच सोयीची ठरावी.

कार्बन-नायट्रोजनचे प्रमाण 25 ते 30 ला 1 आणि ओलावा 50 ते 60 टक्के असावा. खरकट्यात नायट्रोजन व पाणी जास्त, म्हणून प्रत्येक थरावर कार्बन देणारा वाळका पाला किंवा लाकडाचा भुसा पडलाच पाहिजे. तो चुकला की कुजका वास सुटतो, अळ्या होतात आणि वसाहतीत प्रयोग बंद पडतो. परीक्षा सोपी आहे: मूठभर माल दाबला असता बोटांतून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तेव्हा अडचण उलटी होते. गच्चीवरचा ड्रम दोन दिवसांत कोरडा पडतो आणि ओल्या पोत्याने झाकावा लागतो.

संत्र्याच्या साली हा इथला खास प्रश्न. त्यांतील लिमोनीन तेल व आम्लता यांमुळे कुजणे मंदावते, गांडुळेही त्यांच्यापासून दूर सरकतात. रसवाल्यांकडच्या साली बारीक चिरून, भरपूर पाल्यात मिसळून आधी अर्धवट कुजवाव्यात. गांडूळखताच्या वाफ्यात त्या थोड्याथोड्यानेच टाकाव्यात. सावजी रश्शाचा तेलकट गाळ व हाडे लहान हौदात घालू नयेत.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला 100 किलोंपेक्षा अधिक कचरा करणाऱ्यांना मोठे उत्पादक ठरवले. हॉटेलांना वर्गीकरण, तर 5,000 चौरस मीटरवरील वसाहतींना शक्य तितका ओला कचरा आवारातच जिरवणे बंधनकारक झाले. उरलेला कचरा भांडेवाडीच्या कचरा डेपोला जातो. तेथे एकत्र आलेल्या मालातून काच व प्लॅस्टिक वेचून काढले तरी खताला शेतकरी सहसा हात लावत नाही. खताची प्रत घरातल्या ओल्या व सुक्या कचऱ्याच्या दोन बादल्यांपाशीच ठरलेली असते.