परत करण्याची सोय आणि प्रेम

डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी हार्वर्डमध्ये केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना फोटोग्राफी शिकवली गेली. काढलेल्या फोटोंपैकी मनापासून आवडलेले दोन त्यांनी अंधाऱ्या खोलीत स्वतःच्या हाताने छापले. मग त्यांना सांगितलं गेलं, यातला एकच तुमचा, दुसरा द्यावा लागेल. काहींची निवड तिथल्या तिथे पक्की झाली. काहींना मुभा होती : पुढच्या काही दिवसांत मन बदललं तर फोटो बदलून मिळेल.

नंतर विचारलं तेव्हा, बदलून घेण्याची सोय ज्यांना होती त्यांनाच आपला फोटो कमी आवडत होता. सोय नसलेल्यांच्या मनाने हातातल्या फोटोशी जमवून घेतलं होतं, त्यातलं चांगलं शोधून काढलं होतं. असा फरक पडेल, हे मात्र विद्यार्थ्यांना आधी वाटलंच नव्हतं.

मला हा प्रयोग प्रेमाबद्दल फार काही सांगणारा वाटतो. ‘नाही पटलं तर परत’ ही ग्राहकाची सवय खरेदीपुरती राहिलेली नाही. टिंडर हे जोडीदार शोधण्याचं अ‍ॅप २०१२ साली आलं आणि माणूस निवडणं बोटाच्या एका फटकाऱ्यावर आलं. पुढचा चेहरा, त्याच्या पुढचा चेहरा. कधी जुळेल याचा नेम नसतो, आणि तीच खरी मेख आहे. बक्षीस ठरलेल्या वेळी न देता अधूनमधून, अनपेक्षितपणे दिलं की कबुतरं बटणावर चोच मारतच राहतात, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत कधीच दाखवून दिलं होतं. त्यात जोडी जमली की अ‍ॅपचे दोन ग्राहक कमी होतात. या धंद्याचं गणित शोध चालू राहण्यावर उभं आहे.

गंमत बघा, ‘कायमचं’ हेही बाजारच विकतो. हिरा आणि साखरपुडा यांची सांगड अमेरिकेत घट्ट केली ती १९३८ पासून डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीसाठी काम करणाऱ्या एका जाहिरात कंपनीने.

अ‍ॅपवर भेटलेली नाती टिकत नाहीत, असं मी मुळीच म्हणत नाही. असंख्य जोडपी तिथेच भेटून सुखाने नांदत आहेत. आणि मारहाण, अपमान सोसणाऱ्या माणसासाठी तर दार उघडंच असायला हवं. प्रश्न आहे तो चांगल्या चाललेल्या नात्यात सतत दाराकडे बघत राहण्याचा.

कॅरिल रस्बल्ट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० पासून हाच धागा उलगडला. बांधिलकी तीन गोष्टींवर ठरते, असं त्यांनी मांडलं : नात्यातलं समाधान, बाहेर दिसणारे पर्याय आणि नात्यात आजवर घातलेलं काही. डेनिस जॉन्सन यांच्यासोबत १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांना आढळलं, की नात्यात घट्ट बांधलेल्या माणसांना समोर आलेली आकर्षक व्यक्तीही तितकीशी आकर्षक वाटत नाही. मन आपण होऊन पर्यायांचा रंग उतरवतं. अ‍ॅप तोच रंग रोज नव्याने चढवत असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. आजारपणात उशाशी बसून काढलेली रात्र, दोघांचे मिळून झालेले मित्र, फक्त एकालाच सांगितलेली लाजिरवाणी आठवण. फोनच्या पडद्यावर यातलं काहीच दिसत नाही, कारण त्या नव्या चेहऱ्यासोबत ते अजून घडलेलंच नसतं.